टॅबलेट घेताना : गरज आधी, वस्तू नंतर
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात पाथरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टॅबलेटवर बोलण्यासाठी संयोजकांनी एखाद्या इंजिनिअरला बोलावयाचे सोडून बँकेतल्या कारकुनाला उभे केले, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्राच्या पोटात काय असते ते आम्हांस फारसे कळत नाही. परंतु जून महिना आला की आमच्या काउंटरसमोर एक प्रश्न हमखास येतो. ऊसतोडीहून परतलेली एखादी माउली खात्यातले पैसे काढते, दोनदा मोजते आणि विचारते, "भाऊ, पोराला टॅब घ्यायचाय, कोणता घेऊ?" तिच्या हातातली रक्कम ही तिच्या अर्ध्या हंगामाची मजुरी असते. तिला "कोणताही घ्या" असे सांगणे हा अपराध आहे. तो अपराध आम्ही आमच्याच घरात केला आहे. म्हणून आधी तेच सांगतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे वर्ग मोबाईलवर सुरू झाले. आमची मुलगी त्या वर्षी नववीत गेली होती. आम्ही एका दुकानातून ४,२०० रुपयांचा सात इंची टॅबलेट आणला. डब्यावर मुलांचे चित्र होते, दुकानदाराने "अभ्यासाला एक नंबर" असे सांगितले आणि आम्ही मान डोलावली. पावतीसुद्धा घेतली नाही. त्या यंत्रात एक जीबी रॅम होती. वर्ग सुरू झाला की दहाव्या मिनिटाला सगळे गोठायचे. पण मुलीने आम्हांला कधी सांगितले नाही, कारण आम्ही पाहुण्यारावळ्यांना "पोरीला टॅब घेतला" असे मोठ्या कौतुकाने सांगत होतो. बापाचा हिरमोड होऊ नये म्हणून ती सहा महिने गोठलेल्या पडद्यासमोर बसून राहिली आणि संध्याकाळी मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून घेत राहिली. गणित मागे पडले ते पडलेच. अकरावीला तिने कला शाखा घेतली. कला शाखा कमी प्रतीची आहे असे आम्ही कसे म्हणू? आम्ही स्वतः तिथलेच. परंतु ती निवड तिची असावयास हवी होती, ४,२०० रुपयांच्या यंत्राची नव्हे.

आता मुद्द्याकडे येऊ. स्वस्त टॅबलेट हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' टॅबलेटचे उद्घाटन केले. डेटाविंड कंपनीने बनविलेले हे यंत्र सरकारला सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होते. हेतू उदात्त होता. पण त्याची रॅम होती २५६ एमबी, म्हणजे आजच्या चार जीबीच्या सोळावा हिस्सा, आणि पडदा असा की बोट दाबून धरावे तेव्हा उमटायचे. तक्रारी आल्या. पुढे हे काम मुंबईच्या आयआयटीकडे गेले, प्रा. दीपक फाटक यांच्या चमूने त्यात लक्ष घातले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारित 'आकाश-२' आला. यातून आपण एवढाच बोध घ्यावयाचा की किंमत आधी ठरवून त्यात यंत्र बसविले, तर ते गरजेला पुरेलच असे नाही. गरज आधी ठरवावी.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा. टॅबलेट खरोखर हवा आहे काय? ज्याला पुस्तके वाचावयाची, तासिका पाहावयाच्या, सराव प्रश्नपत्रिका सोडवावयाच्या, त्याला टॅबलेट उत्तम. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. दीक्षा ॲपवरचे बरेचसे साहित्य एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही पाहता येते. पण ज्याला कारकुनीची नोकरी हवी आहे, त्याला शासकीय संगणक टंकलेखनाची परीक्षा द्यावी लागते. ती काचेवर बोट आपटून साधत नाही, तिला कळफलक लागतो. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या परीक्षा संगणकावर होतात, तिथे हातात माऊस असतो. अशा मुलाने टॅबलेटवर अभ्यास जरूर करावा, पण परीक्षेपूर्वी काही दिवस संगणकावर बसून सराव करावा. टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, लिखाण हेच मुख्य काम असेल तर तेवढ्याच पैशात जुना पण चांगला संगणक बरा. आणि घरातला मोबाईल मोठ्या पडद्याचा असेल, मूल लहान असेल, तर वर्षभर थांबले तरी काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट पडद्याची. पडदा इंचांत आणि तिरका मोजतात. पाठ्यपुस्तकाचे किंवा प्रश्नपत्रिकेचे ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद असते. आठ इंची टॅबलेट उभा धरला तर त्याची रुंदी साधारण ११ सेंटिमीटर भरते, म्हणजे पान निम्मे होते आणि अक्षरही निम्मे. दहा इंची पडद्याची रुंदी साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास असते, पान दोन तृतीयांश दिसते. बाबासाहेबांचे इंग्रजी खंड पीडीएफमध्ये मोफत उपलब्ध आहेत. ते आठ इंचांवर वाचून पाहा, तासाभरात डोळे पाणावतात. तेव्हा अभ्यासाला दहा ते अकरा इंच हेच माप धरावे. सात-आठ इंच प्रवासाला आणि करमणुकीला ठीक.

तिसरी गोष्ट पोटातली. रॅम म्हणजे काम करावयाचे टेबल आणि साठवण म्हणजे कपाट. टेबल लहान असेल तर कपाट कितीही मोठे असून उपयोग नाही. आज रॅम चार जीबीच्या खाली घेऊ नये, सहा मिळाली तर उत्तम. साठवण किमान ६४ जीबी, जमल्यास १२८, कारण त्यातली बरीच जागा यंत्र स्वतःच वापरते. मेमरी कार्डाची खाच आहे काय ते पाहावे. आयपॅडला ती नसते. अँड्रॉइड कितवे आहे आणि सुरक्षेच्या सुधारणा आणखी किती वर्षे मिळणार, हे दुकानदाराला विचारावे. जुन्या अँड्रॉइडवर काही काळाने नवी ॲप चढत नाहीत आणि चांगले यंत्र कपाटात जाऊन पडते.

चौथी गोष्ट सिमची. केवळ वाय-फायचा टॅबलेट स्वस्त पडतो, पण त्याला मोबाईलचे नेट द्यावे लागते. आपल्याकडे घरात बहुधा एकच मोबाईल. बाप तो घेऊन शेतावर किंवा कारखान्यावर गेला की घरातला टॅब मुका होतो. आई-बाप कोयता घेऊन सहा महिने बाहेर आणि मूल आजीजवळ, अशी घरे आपल्या तालुक्यात थोडी नाहीत. अशा घराने चार पैसे जास्त पडले तरी सिमचाच टॅबलेट घ्यावा. घरी वाय-फाय असणाऱ्यांनी उगाच सिमचे पैसे देऊ नयेत.

आता आमच्या धंद्याचे बोलतो. 'शून्य टक्के व्याज' हा शब्द ऐकला की सावध व्हावे. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते व्याज शुल्काच्या रूपाने वसूल होते. समजा, १५,००० रुपयांचा टॅबलेट आहे. रोख घेणाऱ्याला १,००० रुपये सूट आहे, म्हणजे तो १४,००० ला पडतो. हप्त्याने घेतल्यास १,२५० चे बारा हप्ते म्हणजे १५,०००, वर प्रक्रिया शुल्क ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०. एकूण १५,५९०. हे १,५९० रुपये म्हणजेच व्याज, आणि हिशेब केला तर ते दरसाल वीस टक्क्यांहून जास्त पडते. शिवाय एक हप्ता चुकला की दंड वेगळा. त्यापेक्षा वर्षभर आवर्ती ठेवीत पैसे साठवून रोखीने घेणे केव्हाही चांगले.

पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नये. टॅबलेटवर १८ टक्के जीएसटी असतो आणि तो किमतीतच धरलेला असतो. पावती नको म्हणणारा दुकानदार तुमचा कर वाचवीत नाही, तो तुमचा हक्क काढून घेतो. डब्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस सर्टिफाइड आहे' असे दिसले पाहिजे. वस्तू सदोष निघाली आणि कोणी दाद देईना, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे शुल्कही पडत नाही. आमच्याजवळ पावती असती तर आम्हीही गेलो असतो.

जुना टॅबलेट घेण्यात कमीपणा नाही, पण तो सिमचा असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक संचार साथीवर किंवा १४४२२ वर संदेश पाठवून तपासून घ्यावा, म्हणजे चोरीचा माल गळ्यात पडणार नाही. खरेदीपूर्वी सरकारी योजनांचीही चौकशी करावी. नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्गीय, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट, सीईटीच्या प्रशिक्षणासाठी मोफत टॅबलेट आणि नेट दिले आहे. अशा योजनांच्या अटी आणि मुदती असतात. त्या वेळेवर वाचल्या नाहीत तर दोष योजनेचा नव्हे, आपला.

घेतलेले यंत्र जपावयासही हवे. अनेक कंपन्या ३५ अंशांच्या पुढे टॅबलेट वापरू नका असे सांगतात, आणि परभणीचा मे महिना चाळिशी केव्हाच ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत भर दुपारी चार्जिंगला लावून ठेवू नये. पहाटे किंवा रात्री लावावे.

शेवटी संस्थेस एक विनंती. प्रत्येक घराने टॅबलेट घेतलाच पाहिजे असे नाही. आपल्या वाचनालयात दहा इंची तीन टॅबलेट आणि एक साधा संगणक ठेवला, पुस्तकासारखी त्यांची नोंदवही ठेवली आणि वेळ वाटून दिली, तर ज्याच्या घरी ऐपत नाही त्याचाही अभ्यास थांबणार नाही. या कामी आम्ही आमचा वाटा आजच संस्थेकडे जमा करीत आहोत आणि नोंदवही सांभाळण्याचे कामही स्वीकारीत आहोत. ते तेवढे आम्हांला जमते.

आणि पालकांनो, यंत्र आणल्यावर आठ दिवसांनी मुलाजवळ बसून विचारा, "चालते का रे नीट?" आम्ही हे विचारले नाही. विचारावयास एक पैसाही लागला नसता.