कागद धरणारा हात



शरीर साथ देत असते तोवर आपल्या जगण्याचा उपयोग काय, हा प्रश्न माणसाला क्वचितच पडतो. अंथरुणाला खिळल्यावर मात्र तो रोज उशाशी येऊन बसतो. जपानमधील तोमिहिरो होशिनो यांच्यापुढे तो वयाच्या २४ व्या वर्षी उभा राहिला.

गुन्मा प्रांतातील एका डोंगराळ खेड्यात १९४६ साली जन्मलेले होशिनो १९७० साली एका शाळेत व्यायामशिक्षक म्हणून रुजू झाले. अवघ्या दोन महिन्यांत, विद्यार्थ्यांना कोलांटउडीचे प्रात्यक्षिक दाखविताना, ते मानेवर आपटले. मेंदूची आज्ञा ज्या मज्जारज्जूतून अवयवांपर्यंत जाते, त्यालाच इजा झाली आणि मानेखालचे शरीर निश्चल झाले. मुलांना शरीर कमवावयास शिकविणाऱ्या या तरुणाला आता अंगावरची माशीही हाकलता येईना.

सुमारे ९ वर्षे रुग्णालयात गेली. निराशा आली, मरणाची इच्छाही झाली. १९७२ साली त्यांनी तोंडात लेखणी धरून अक्षरे गिरविण्यास प्रारंभ केला. पुढे उशाशी ठेवलेल्या फुलांची चित्रे ते काढू लागले आणि प्रत्येक चित्राशेजारी छोटीशी कविता लिहू लागले. जे फूल धडधाकट माणूस जाता जाता पाहतो, ते त्यांनी तासन् तास न्याहाळले. १९७९ साली त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले आणि त्याच वर्षी ते घरी परतले. १९९१ साली त्यांच्याच गावी त्यांच्या चित्रांचे संग्रहालय उभे राहिले. २०२४ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हा केवळ मनोबलाचा विजय म्हणावा काय? तसे म्हटले तर एक गोष्ट नजरेआड होते. कुंचला तोंडात असला तरी रंग कालविणारा हात दुसऱ्याचा होता. आधी तो आईचा होता. १९८१ मधील विवाहानंतर पत्नीचा.

फ्रान्समधील संपादक ज्याँ-दोमिनिक बोबी यांची अवस्था तर याहून बिकट होती. डिसेंबर १९९५ मध्ये मेंदूवर झालेल्या आघाताने त्यांची वाचाही गेली. बुद्धी शाबूत होती, परंतु डाव्या डोळ्याच्या पापणीखेरीज फारसे काही हलत नव्हते. क्लोद मांदिबिल ही लेखनसहायिका एकेक अक्षर उच्चारी. हवे ते अक्षर येताच बोबी पापणी मिटीत. अक्षराला अक्षर जोडून असे अख्खे पुस्तक तयार झाले. मार्च १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि काही दिवसांतच बोबींनी देह ठेवला.

या दोन्ही उदाहरणांत परावलंबन संपले नाही, पण त्याचे स्वरूप पालटले. घास भरविणारा हात जेव्हा कागद धरतो, तेव्हा अंथरुणावरचा माणूस केवळ घेणारा राहत नाही. तोही जगाला काही देऊ लागतो. जीवनाचे प्रयोजन त्याला तेथे गवसते.

पक्षाघात झालेल्या व्यक्तीला औषध, खुर्ची, शुश्रूषा हवीच. ती दिल्यावर आपले कर्तव्य संपले, असे मात्र मानू नये. ‘आपल्याला काय हवे?’ असे आपण त्यांना विचारतोच. एखादे दिवशी ‘आपल्याला काय सांगावयाचे आहे?’ असेही विचारावे, आणि उत्तराला कितीही वेळ लागो, तोवर कागद धरून बसावे.