नाडीनं मोजलेला ब्रेकचा पाईप

 आम्ही वडगाव रासाईच्या बचत गटातल्या जणी.

आज आम्ही बोलणार आहोत मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकच्या पाईपाबद्दल. हसू नका. आमच्यातल्या निम्म्याअधिक जणी गाडी चालवत नाहीत, पण रोज मागे तर बसतात. मांडीवर लेकरू, हातात पिशवी, शेजारून उसाची ट्रॉली चाललेली. ब्रेक लागला नाही तर पडायची पाळी आपलीही असते, मग तो कशानं लागतो हे आपल्याला का माहीत नसावं?

झालं असं, की मागच्या गाळपाच्या दिवसांत आमच्यातली एक जण मुलाच्या गाडीवर मांडवगण फराट्याकडे निघाली होती. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. दिवेलागणीची वेळ. उसातून बिबट्या रस्त्यावर आला. आपल्या शिरूर तालुक्यात ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पोरानं पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर मऊ पडली आणि थेट हँडलच्या मुठीला टेकली. गाडी थांबली ती मागच्या ब्रेकवर, तिरकी होऊन. बिबट्या गेला निघून. एक किटली सांडली, दोघांना खरचटलं, तेवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी-पाचजणी ती गाडी बघायला गेलो. लिव्हरजवळ पाईप जिथं वळतो तिथं रबराला बारीक भेगा पडलेल्या, जुन्या चपलेच्या पट्ट्याला पडतात तशा. एकीनं लिव्हर दाबून धरली, दुसरीनं पाईप मुठीत धरला, तर तो हाताला फुगल्यासारखा लागला. हे घरी करून बघण्यासारखं आहे, पैसे लागत नाहीत.

आता तो फुगतो म्हणून काय बिघडतं ते सांगतो. डिस्क ब्रेकला तार नसते. लिव्हर दाबली की वरच्या छोट्या टाकीखालचा दट्ट्या ब्रेक ऑइल ढकलतो, ते पाईपातून खाली जातं आणि चाकाजवळचे पॅड डिस्कवर दाबले जातात. ऑइल दबत नाही, म्हणून वरचा जोर खाली पोचतो. पण पाईपच फुगला तर आपला जोर पाईप फुगवण्यातच जातो. आणि पुढच्या ब्रेकचं काम मोठं असतं. ब्रेक लागला की मागे बसलेल्या आपण पुढच्याच्या पाठीवर आदळतो ना? तसंच वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून गाडी थांबवायचं जास्त काम तेच चाक करतं.

पोराचं म्हणणं होतं, आता ब्रेडेड पाईप घालू. म्हणजे तारेच्या विणीचा. त्यात आत टेफ्लॉनची नळी असते, नॉनस्टिक तव्याला असतं तेच टेफ्लॉन. तिच्यावर स्टीलच्या बारीक तारांची वेणीसारखी वीण आणि वर प्लास्टिकचं आवरण. वीण नळीला फुगू देत नाही, म्हणून लिव्हर घट्ट लागते. हे खरं आहे. पण जुना रबरी पाईप काढून कंपनीचा नवा रबरीच घातला, तरी रोजच्या गाडीला तो पुरतो, असं आमचं मत आहे. ब्रेडेड घ्यायचाच तर चांगला घ्यावा. स्वस्तातला लाल-निळा चमकणारा घेण्यापेक्षा साधा रबरी शंभर पटीनं बरा.

चांगला कसा ओळखायचा? दोन्ही टोकांच्या कड्या पाईपावर मशीननं दाबून बसवलेल्या हव्यात. क्लिप आवळून किंवा तार गुंडाळून जोडलेला पाईप फुकट मिळाला तरी नको. विणीवर आवरण हवंच, कारण उघडी वीण करवतीसारखी असते. जिथं घासेल तिथं रंग, वायर, प्लास्टिक सगळं कापत जाते, आणि विणीत चिखल बसतो तो निघत नाही. पाईप एकदा जरी दुमडून मोडला असेल तर आतली नळी चेपलेली असते. हातानं सरळ केल्यावर तो सरळ दिसेल, पण घेऊ नका.

आमची पहिली चूक लांबीची झाली. पोरानं अंदाजानं पाईप आणला आणि गाडी स्टँडवर उभी असताना तो छान बसला. मग आमच्यातल्या एकीनं हँडल पुरतं उजवीकडे वळवलं, तर पाईप सतारीच्या तारेसारखा ताणला! खड्ड्यातून चाक खाली गेलं असतं तर काय झालं असतं? पाईप परत केला.

दुसऱ्या वेळी आम्ही परकराची नाडी घेतली. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागून दाब दिला, पुढचं चाक उचललं, म्हणजे शॉकॉब पुरते खाली उतरले. मग जुना पाईप ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं नाडी लावली, वरच्या बोल्टच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत. हँडल डावीकडे, उजवीकडे, दोन्हीकडे वळवून बघितलं आणि गाठ मारली. पाईप फार लांबही नको, नाहीतर चाकाला घासतो. नाडीसोबत जुना पाईपही दुकानात न्यायचा, कारण टोकाच्या कड्या सरळ आहेत की वाकड्या आणि किती वाकड्या, हे नाडी सांगत नाही. दुकानदार आधी नाडीकडे बघून हसला, मग मुकाट्यानं तिच्यावरच पाईप मोजून दिला.

दुसरी चूक वायसरची. पाईपाची कडी पोकळ बोल्टानं बसते आणि तिच्या दोन्ही अंगांना तांब्याचं एकेक वायसर असतं. ते आवळताना चेपतं आणि म्हणूनच ऑइल अडतं. एकदा चेपलेलं पुन्हा नीट चेपत नाही. आमच्या मिस्त्रींनी जुनीच वायसर घातली. सकाळी बघतो तर कडीखाली थेंब लोंबलेला आणि खाली मडगार्डचा रंग फुगून आलेला. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं की लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. आणि पॅडवर पडलं तर पॅड पुसून वापरू नका, बदला.

चार वायसर नवीन आणली, तेव्हा काम झालं. मिस्त्रींना आम्ही एवढंच म्हटलं, "दादा, नवी वायसर आमच्या समोर घाला." राग नाही, भांडण नाही.

ऑइल कोणतं, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ किंवा डॉट ४. तेच घालायचं आणि सीलबंद बाटलीतलं, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. उघडी राहिलेली बाटली लोणच्याच्या उघड्या बरणीसारखी समजा. म्हणूनच दोन वर्षांनी ते बदलायचंही असतं. इंजिन ऑइल चुकूनही घालू नका. "तेलच तर आहे" म्हणून घातलं की आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जातो.

पाईप बदलला की आत हवा राहते आणि ती काढावीच लागते. खालच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. लिव्हर दाबून धरायची, निपल थोडं सैल करायचं, बुडबुडे येतात, निपल आवळायचं आणि मगच लिव्हर सोडायची. हा क्रम उलटा झाला तर हवा पुन्हा आत जाते. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. आमच्या गाडीला पाऊण तास लागला. मिस्त्री पाच मिनिटांत "झालं" म्हणाले, तर नळीतले बुडबुडे थांबलेत का ते आपण बघायचं.

रात्री लिव्हर मुठीला दाबून सुतळीनं बांधून ठेवली. सकाळी दोन्ही कड्यांखाली कोरडा कागद फिरवला. कोरडा निघाला. मग पोरानं गाडी एकट्यानं, किटल्यांशिवाय, गावातल्या रस्त्यावर हळू चालवून बघितली. त्यानंतर आई मागे बसली.

तुमची गाडी नवी असेल तर एक लक्षात ठेवा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आहे. त्यात ऑइल आधी एबीएसच्या डब्यात जातं आणि तिथून चाकाकडे, म्हणजे पाईपाचे तुकडेही दोन. त्यातली हवा काढणं किचकट असतं, ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या. १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांना सीबीएस असतं, एक ब्रेक दाबला की दोन्ही ब्रेक लागतात.

आणि आपल्यातल्या ज्या जणी ड्रम ब्रेकची स्कूटर चालवतात, त्यांना हा पाईप लागतच नाही. तिथं केबल असते. गटातल्या एकीला दुकानात स्कूटरसाठी "ब्रेडेड" दाखवला होता. तिनं विचारलं, "याच्यात ऑइल कुठून जाणार?" दुकानदारानं तो परत खोक्यात ठेवला.