पाडव्याची पंगत
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण गुढीला साखरेची माळ घालतो, कडुलिंबाचा कोवळा पाला गुळाबरोबर खातो, मग ताटात पुरणपोळी व कटाची आमटी येते. आधी कडू, मग गोड. १९७२ च्या दुष्काळात आपल्या सांगली जिल्ह्याच्या जत-आटपाडी भागात माणसे खडी फोडायला गेली. पोटाला परदेशचा लाल मिलो आणि कामावरची सुकडी. वडीलधारी सांगतात, १९७३ च्या पाडव्याला कडुलिंब तेवढा होता, पुरणाला डाळ नव्हती. गुढी मात्र उभारली. (काठी घरचीच होती म्हणा!)

पाडवा म्हणजे सालगड्याच्या हिशेबाचाही दिवस. जुने साल फिटायचे, नवे ठरायचे. धन्याघरची पोळी त्याला मिळे, पण पुष्कळदा परड्यात बसून. हे मला कधी रुचले नाही.

म्हणून समितीस विनंती, की येत्या पाडव्याला नव्या सभामंडपात पंचांगवाचन झाल्यावर साऱ्या गावाची पंगत एकच बसावी. डाळ-गूळ लिहून घ्यायला मी वही घेऊन खांबापाशी बसतो. कारकुनाला तेवढेच जमते! पहिली नोंद माझी: गूळ पाच किलो.