'मजेत' या उत्तराच्या मागे

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तुझ्या क्षेत्राबद्दल बोल' असं संयोजकांनी सुचवलं होतं. पण सॉफ्टवेअरबद्दल आता तुमची मुलंच तुम्हाला सांगतील. मी वेगळंच बोलणार आहे. तीन वर्षांपूर्वी मला नैराश्याचा आजार झाला होता.

नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून रडणं, अशी माझी समजूत होती. मी तर रोज ऑफिसला जात होते, डबे भरत होते, आपल्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छाही टाकत होते. पण पहाटे साडेतीनला जाग आली की पुन्हा झोप नाही. एकच ईमेल चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नसे. पाण्याची बाटली विसरली एवढ्यावरून लेकीवर ओरडायचे. रविवारी गाणी लावणं कधी बंद झालं, ते कळलंही नाही. या सगळ्याला मी आधी ॲसिडिटी म्हटलं, मग कामाचा ताण, मग चाळिशी.

एके दिवशी आपल्याच वर्गातल्या मैत्रिणीचा फोन आला. "कशी आहेस?" "मजेत." मग तिनं विचारलं, "झोप लागते का गं?" या प्रश्नाला 'मजेत' हे उत्तर चालेना. मी रडायलाच लागले. तिनं उपदेश केला नाही. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते," एवढंच म्हणाली.

आमच्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेतही असाच थकवा येतो. ते ठीक निघाल्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी समजावलं, की उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर तो स्वभाव समजू नये; तो आजार असू शकतो. आणि 'मी नसले तर बरं' असा विचार आला, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. त्याच दिवशी मदत घ्यायची.

गोळ्यांनी पहिले काही दिवस नुसतं मळमळलं. फरक जाणवायला महिना लागला. तिसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून मी आपल्या मनानं गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा खाली गेले. चालू सिस्टिममध्ये कुणाला न विचारता बदल करू नका, असं ऑफिसातल्या नव्या मुलांना शिकवणारी मी! समुपदेशक बाईंनी साधा गृहपाठ दिला: नऊच्या आत आंघोळ आणि वीस मिनिटं चालणं, मन लागो वा न लागो. आधी पाय चालले, मन मागून आलं.

बाई, पाढा चुकला की तुम्ही रागावायचात, पण पुन्हा पहिल्यापासून म्हणायलाही लावायचात. ती सवय मला तेव्हा उपयोगी पडली.

आज आपण फोन नंबर घेऊ. पुढच्या फोनला नुसतं 'काय, मजेत?' विचारू नका. 'झोप लागते का? जेवण जातं का?' असं विचारा. 'नाही' असं उत्तर आलं, तर 'पॉझिटिव्ह राहा' म्हणू नका, सोबत जा. आणि सोबतीला कुणीच नसेल, तर १४४१६ ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, रात्रीही चालू असते आणि तिथं मराठीत बोलता येतं.

ती मैत्रीण आज समोरच बसली आहे. तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. पण मी इथं उभी आहे ती तिच्या त्या एका प्रश्नामुळे.