नादाचें घर

तंबोऱ्याचा भोपळा केवळ शोभेसाठीं असतो, असें कोणी म्हणत नाहीं. जुन्या नभोवाणी-यंत्राची लांकडी पेटी मात्र दिवाणखान्याचा अलंकार समजली जाते. म्हणूनच आज हौसेनें अशा पेट्या आणून कित्येक लोक आंतील यंत्र काढून टाकतात व तेथें शोभेच्या वस्तु मांडतात. त्या पेटीचें खरें कार्य काय होतें, हें यासाठींच पाहिलें पाहिजे.

मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत कर्णा निराळा, बॅटऱ्या निराळ्या, आणि मेजावर तारांचें जाळें असे. परंतु अमेरिकेंत चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ मध्यें कर्ण्यावांचून चालणारा, कागदी शंकूचा लाउड-स्पीकर पुढें आणला होता. हा शंकु पुढें सरला कीं समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. या दोन लहरी एकमेकींस मिळाल्या तर खर्जाचे स्वर मावळतात. त्यांच्यामध्यें फळी असावी लागते. त्या फळीच्या कडा मागें वळविल्या कीं पेटी होते!

तंबोऱ्याशीं तिचें साम्य मात्र येथेंच संपतें. भोपळ्यानें स्वतः घुमावें लागतें. पेटीनें आपला सूर मिसळतां कामा नये. म्हणून आडव्याउभ्या रेषांचे पातळ थर सरसानें चिकटवून केलेलें प्लायवूड वापरीत व त्यावर बहुधा अक्रोडाचा पापुद्रा बसवीत. लागोपाठ कापलेले दोन पापुद्रे पोथीच्या पानांप्रमाणें उघडून जोडले, कीं दोन्ही बाजूंची नक्षी परस्परांचें प्रतिबिंब होई. समोरचें कापड विरळ विणीचें असे, तें ध्वनि अडूं नये म्हणून. आणि पाठीमागच्या पुठ्ठ्यास भोकें असत, तीं व्हाल्व्हांची उष्णता बाहेर जावी म्हणून.

१९३० नंतर अमेरिकेंत फिल्को कंपनीच्या कमानदार पेट्या लोकप्रिय झाल्या. गिरिजाघराच्या कमानीवरून त्यांना नांवही पडलें. इंग्लंडांत डिक रसेल यांनीं मर्फीसाठीं नक्षी टाळून साध्या, प्रमाणबद्ध पेट्या योजिल्या. हसऱ्या बाळाच्या चित्रामुळें पुढें आपल्याकडे घरोघरीं माहीत झाली ती हीच मर्फी. १९३४ मध्यें वेल्स कोट्स यांनीं एको कंपनीसाठीं बेकेलाइटची गोल पेटी घडविली, तरी लांकडाचा मान टिकला. तो गेला ट्रान्झिस्टरमुळें. १९५४ मध्यें खिशांत मावणारें यंत्र बाजारांत आलें, आणि यंत्राभोंवतीं बसणारें कुटुंब हळूहळू पांगलें.

ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल, त्यांनीं ती मोडूं नये. वर्षानुवर्षें बंद असलेलें यंत्र मात्र एकदम विजेस जोडूं नये. जुने मेणकागदी कंडेन्सर निकामी झालेले असतात. शिवाय कांहीं यंत्रांची आंतील धातूची बैठक थेट वीजप्रवाहाशीं जोडलेली असे. तेथें हाताचें रक्षण पेटीच करी. म्हणून जाणत्या कारागिराकडून आधीं तपासणी करवावी. पावसाळ्यांत सुटलेला पापुद्रा पुनः चिकटवितां येतो, परंतु रंधा मारून घालविलेला परत येत नाहीं.

एवढी काळजी घेतली तर ती पेटी पुनः बोलूं लागेल. खर्जाच्या स्वराला तिनें दिलेला आसरा नातवंडांस सांगून कळणार नाहीं. तो त्यांनीं कानांनींच ऐकला पाहिजे.