फेअर आइलचा सप्टेंबर



स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी व शेटलंड यांच्या मधोमध फेअर आइल हे बेट आहे. लांबी जेमतेम ५ किलोमीटर, वस्ती शंभराच्या आत. आपला कोळी नारळी पौर्णिमेनंतर दर्यात उतरतो; तिथला दर्या नेमका तेव्हा बिथरू लागतो. सप्टेंबरच्या आरंभी दिवस १४ तासांचा, अखेरीस साडेअकराचा. मालकाने रोज ५ मिनिटे कापून घ्यावीत तसेच हे! थंडी कडाक्याची नसते, समुद्र तिला आवरून धरतो. खरा धनी वारा.

आग्नेयेचा वारा सुटला की वाट चुकलेले दुर्मीळ पक्षी बेटावर उतरतात. ते पाहावयास आलेले पाहुणे खूष. परंतु वारा वाढला की शेटलंडची बोट बंद, टपाल आणि वाणसामान खोळंबते. ‘गुड शेफर्ड’ नावाच्या बोटीने अनेक वर्षे ही ने-आण केली. वादळात लाटांनी फोडू नये म्हणून तिला ओढून धक्क्यावर घेत. बोट सोडावी की नाही, हे आत बसणाऱ्या खलाशांनीच ठरवावे, किनाऱ्यावरच्या हिशेबनिसाने नव्हे, असे आम्हां कामगारांना वाटते.

स्कॉटलंडात माणसांनी सांभाळलेले शेवटचे दीपगृह याच बेटाच्या दक्षिण टोकावरचे. १९९८ साली तेथील रखवालदार उतरले. दिवा आता आपोआप लागतो, सप्टेंबरात रोज थोडा लवकर.