रानवाट : गरजेची आणि हौसेची



मृगाच्या सरी पडू लागल्या की निपाणी, बेळगाव आणि कोल्हापूर या बाजूंनी मोटारसायकलस्वारांचे जथे जांबोटी, कणकुंबी व चोर्ला घाटाकडे लोटू लागतात. निसर्ग पाहण्याची ही ओढ स्तुत्यच होय. तथापि काही हौशी स्वारांना डांबरी रस्ता पुरेसा वाटत नाही. जाड दातेरी टायरांच्या गाड्या घेऊन रानातील पायवाटा तुडवाव्यात, ओढे ओलांडावेत, चिखलातून चढ चढावेत, असा मोह त्यांना होतो. रानवाटेवर कोणी आणि कशासाठी जावे, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेणे अगत्याचे झाले आहे.

खानापूर तालुक्यातील भीमगडचे अरण्य डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. एका बाजूस काळी व्याघ्र प्रकल्प आणि दुसऱ्या बाजूस गोव्याचे म्हादई अभयारण्य, यांना जोडणारा हा दुवा आहे. म्हादई नदी याच डोंगररानात उगम पावते. मलप्रभेचा उगमही जवळच कणकुंबी येथे आहे. येथील बारापेडे गुहेतील वटवाघळाच्या एका जातीची शास्त्रीय नोंद १९१३ साली झाली. पुढे कित्येक वर्षे ही जात जगात केवळ याच ठिकाणी आढळते, असे मानले जात असे. बेळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातील कोरडवाहू शेतकऱ्याला मलप्रभेचे पाणी मिळते. ते पाणी या पश्चिमेकडच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचेच असते, हे विसरता कामा नये.

एखादी मोटारसायकल रानातून गेल्याने असे कोणते नुकसान होते, असे कोणी विचारील. या भागात पावसाचे प्रमाण फार मोठे आहे. पायी चालणाऱ्याच्या पावलाने वाट घट्ट होते, परंतु दातेरी चाक चढावर फिरू लागले की मातीचा वरचा थर उकरला जातो. पाच-दहा गाड्या एकाच चाकोरीतून गेल्या म्हणजे तेथे चर पडतो. पावसाचे पाणी त्या चरातून धावू लागते आणि दोन-चार पावसाळ्यांत वाटेची घळ होते. पठारावरील ज्या डबक्यांत बेडूक अंडी घालतात, तीच डबकी चाकांखाली येतात. चिखलाबरोबर रानमोडीसारख्या उपद्रवी तणांचे बी एका रानातून दुसऱ्या रानात जाते. फाल्गुन-चैत्रात तापलेल्या सायलेन्सरला वाळलेले गवत लागले तर वणव्याची भीती असते. आवाजाने बिथरलेले गवे रान सोडून शेताकडे वळले, तर त्याचा भुर्दंड स्वाराला पडत नाही; तो शेतकऱ्याला पडतो.

कायद्याची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ अन्वये अभयारण्यात प्रवेश करण्यावर निर्बंध आहेत. कामावर असलेले लोकसेवक, तेथे राहण्याची परवानगी असलेले रहिवासी, अभयारण्यात स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले लोक, त्यांचे आश्रित आणि सार्वजनिक हमरस्त्याने जाणारे प्रवासी यांना त्यातून वगळले आहे. इतरांना कलम २८ अन्वये परवाना घ्यावा लागतो. अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि रहिवाशांशी कायदेशीर कामकाज, हे परवान्याचे मुख्य हेतू होत. गाडीची कसरत हा त्यांतील हेतू नव्हे. राखीव वनात विनापरवाना शिरणे हा कर्नाटक वन अधिनियम, १९६३ खालीही अपराध आहे.

परंतु कायद्याची ही बाजू सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. गवाळी, पास्तोली, कोंगळा, आमगाव, देगाव या गावांच्या लोकांना रानवाट हौसेसाठी नको असते. दवाखाना, शाळा, शिधा आणि बाजार यांकडे जाणारी ती त्यांची वाट आहे. भर पावसात आजारी माणसाला डोलीत घालून मैलोगणती चालण्याचे प्रसंग या भागाने पाहिले आहेत. अशा गावचा तरुण जुन्या गाडीवर मागे आईला बसवून दवाखान्याकडे निघतो, तेव्हा त्याची गाडी आणि शनिवार-रविवारी चिखल उडविण्यासाठी आलेली गाडी, या दोन्ही एकाच मापाने मोजता येणार नाहीत. हौशी स्वारांचा उपद्रव वाढला की नाक्यावर तपासणी कडक होते, आणि तिचा पहिला त्रास रहिवाशालाच होतो. ज्या वाटेची घळ होते ती वाटही त्याचीच असते. म्हणून या स्वारांना आवर घालणे हे केवळ वाघ-वटवाघळांच्या नव्हे, तर गावकऱ्यांच्याही हिताचे आहे.

वनहक्क अधिनियम, २००६ याने गावाला या कामी अधिकारही दिले आहेत. त्याच्या कलम ५ अन्वये ग्रामसभेला व वनहक्कधारकांना वन, वन्यजीव आणि पाणलोट क्षेत्र यांचे रक्षण करता येते. कलम ३(२) मध्ये रस्ते, शाळा, दवाखाने अशा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने मर्यादित वनजमीन देण्याची तरतूद आहे. रक्षण आणि सोय या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात शेजारी शेजारी आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हा प्रश्न केवळ येथलाच नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला त्याच वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढला. सरकारी जमिनींवर अशा वाहनांना कोठे जाता येईल व कोठे नाही, हे ठरवून जाहीर करावे, असे त्यात सांगितले होते. जवळचे उदाहरण गोव्यातील कुळे येथील आहे. दूधसागर धबधब्याकडे अभयारण्यातून नोंदलेल्या जीपगाड्याच पर्यटकांना नेतात; मार्ग ठरलेला असतो आणि रोजगार स्थानिकांना मिळतो. ठरलेली वाट, ठरलेला हंगाम आणि स्थानिकांचा हात, या तीन गोष्टी असल्या म्हणजे पर्यटनाला शिस्त लागते.

म्हणून स्वारांनी चोर्ला किंवा हेम्माडग्याच्या रस्त्याने खुशाल जावे, परंतु परवान्यावाचून रस्ता सोडू नये. चढ-उतारांची कसरत करण्यासाठी वनाबाहेर, मालकाच्या संमतीने खासगी जमीन मिळू शकते. गावातील तरुणांनी चार पैशांसाठी आडवाटा दाखवू नयेत; त्या पैशांपेक्षा वाट मोलाची आहे. शिक्षकांनी मुलांना एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळ्यानंतर गावची वाट दाखवावी. पाण्याने केलेला चर मुले स्वतःच मोजतील. अधिकाऱ्यांनी नाक्यावर क्रमांक पाहण्याबरोबरच प्रयोजनही विचारावे, रहिवाशाला ओळखावे आणि त्याला विनाविलंब पुढे सोडावे.

रानाने माणसाला वाट दिली ती चालण्यापुरती. ज्याचे त्या वाटेवाचून अडते त्याच्यासाठी ती मोकळी राहावी, आणि ज्याचे अडत नाही त्याने रस्त्याच्या कडेला थांबून रान पाहावे.